मुलांमधील परजीवीजन्य फुप्फुसविकारांचे प्रतिमादर्शन

परजीवीजन्य फुप्फुसविकार म्हणजे गोलकृमी, पट्टकृमी, पर्णकृमी किंवा एकपेशीय परजीवी यांच्या शरीरातील प्रवासामुळे अथवा वास्तव्यामुळे फुप्फुसात व फुप्फुसावरणात उद्भवणारे विकार होत. मुलांमध्ये या विकारांच्या निदानासाठी छातीचे क्ष-किरण चित्र, सोनोग्राफी आणि आवश्यक तेथे सीटी स्कॅन यांचा उपयोग केला जातो. या सर्व तपासण्यांना मिळून छातीचे प्रतिमादर्शन म्हणतात.

प्रौढांपेक्षा मुलांच्या बाबतीत या प्रतिमांवर अधिक भार पडतो. लहान मूल बेडका थुंकत नाही, ते तो गिळून टाकते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुना सहज मिळत नाही आणि पुष्कळदा छातीच्या चित्रावरूनच उपचाराची दिशा ठरवावी लागते. ज्या प्रदेशांत हे परजीवी आढळतात त्यांपैकी बहुतेक ठिकाणी क्षयरोगही मोठ्या प्रमाणावर आहे. चित्रातील डाग, पोकळी किंवा छातीतील पाणी क्षयाचे समजले गेले, तर मुलाला सहा महिने किंवा अधिक काळ नको ती औषधे घ्यावी लागतात आणि खरा रोग तसाच राहतो. याउलट हायडॅटिड पुटीसारख्या विकारात गाठीचे स्वरूप न ओळखता सुई घातली गेली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून या विषयाचे महत्त्व केवळ क्ष-किरणतज्ज्ञांपुरते मर्यादित नाही.

तपासणीच्या पद्धती

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला. छातीचे साधे क्ष-किरण चित्र ही आजही पहिली तपासणी आहे. हवेने भरलेले फुप्फुस या चित्रात काळे दिसते, तर पाणी, पू, गाठ किंवा सुजलेला ऊतक यांतून किरण कमी प्रमाणात पार होत असल्याने ते भाग पांढरे दिसतात. वैद्यकीय भाषेत या पांढऱ्या भागालाच ‘छाया’ म्हणतात. मराठी वाचकाचा येथे गोंधळ होण्याचा संभव असतो, कारण आपल्या मनातील छाया काळी असते.

मुलांच्या चित्रांचे वाचन करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला श्वास रोखून धरण्यास सांगता येत नाही. उच्छ्वासाच्या वेळी चित्र निघाले, तर निरोगी फुप्फुसही धूसर दिसते. अर्भकांमध्ये उरोस्थीच्या मागे असलेली थायमस ग्रंथी मोठी असते आणि तिची शिडासारखी छाया गाठ म्हणून वाचली जाऊ शकते. तसेच लहान मुलांचे चित्र बहुधा निजवून काढतात. निजलेल्या स्थितीत पोकळीतील द्रव पसरून बसतो आणि हवा व द्रव यांच्यामधील आडवी रेषा दिसेनाशी होते. परजीवी रोगांत ही रेषा फार महत्त्वाची असल्यामुळे, शक्य असेल तेव्हा मुलाला बसवून किंवा कुशीवर ठेवून आडव्या किरणांनी चित्र घेणे हितावह ठरते.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, मूल आईच्या मांडीवर असतानाही ती करता येते आणि यंत्र खाटेपाशी नेता येते. हवेतून ध्वनिलहरी जात नसल्याने फुप्फुसाच्या अंतर्भागासाठी ती निरुपयोगी आहे. परंतु छातीच्या भिंतीला किंवा मध्यपटलाला टेकलेली पुटी, छातीतील पाणी आणि यकृत यांचे चित्र ती उत्तम देते. गाठ भरीव आहे की पाण्याची, या अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सोनोग्राफीनेच मिळते.

सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाचे पातळ काप पाहता येतात आणि घनता आकड्यांत मोजता येते. हे मोजमाप ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते गॉडफ्री हाउन्सफील्ड १९७९ च्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत. त्यांच्या मापनात पाण्याची घनता शून्य धरली आहे. या तपासणीतील प्रारणाची मात्रा मात्र साध्या चित्राच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक असते. मुलांच्या वाढत्या पेशी प्रारणाला अधिक संवेदनशील असतात आणि त्यांचे पुढचे आयुष्यही दीर्घ असते. म्हणून साध्या चित्राने व सोनोग्राफीने प्रश्न सुटत असेल, तर सीटी टाळावा आणि करावाच लागला तर मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा कमी करून एकदाच करावा, असा सर्वमान्य संकेत आहे. एमआरआयमध्ये प्रारण नसते. परंतु त्यास वेळ लागतो आणि लहान मुलांना गुंगीचे औषध द्यावे लागते.

हायडॅटिड पुटी

मुलांच्या फुप्फुसात आढळणाऱ्या परजीवी विकारांपैकी ज्याच्या निदानात प्रतिमांचा वाटा सर्वांत मोठा आहे, तो विकार म्हणजे हायडॅटिड पुटी. एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा अवघा काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, मातीत व पाण्यात मिसळतात आणि ती मेंढ्या, शेळ्या किंवा गुरे यांच्या पोटात गेल्यावर त्यांच्या अवयवांत पुट्या तयार होतात. कत्तलीनंतर पुटीयुक्त यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याला खाऊ घातले की हे चक्र पूर्ण होते. माणूस या चक्रात चुकून शिरतो. कुत्र्याच्या अंगाखांद्याशी खेळणारी आणि मातीचे हात तोंडात घालणारी मुले साहजिकच अधिक धोक्यात असतात. भूमध्य समुद्राभोवतालचे देश, तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया, पूर्व आफ्रिका, अर्जेंटिना, उरुग्वे व पेरू येथे हा रोग मोठ्या प्रमाणावर आहे. भारतात तो आंध्र प्रदेश, तमिळनाडू, काश्मीर इत्यादी भागांतून अधिक नोंदला गेला असून महाराष्ट्रातही आढळतो.

अंड्यातून बाहेर पडलेला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे प्रथम यकृतात पोहोचतो. तेथून जो निसटतो तो फुप्फुसात अडकतो. प्रौढांमध्ये यकृतातील पुट्यांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक असते. मुलांमध्ये मात्र फुप्फुसातील पुट्या यकृतातल्या इतक्याच, काही ठिकाणी त्यांहून अधिक आढळल्या आहेत. फुप्फुसाचा ऊतक मऊ व लवचीक असल्यामुळे तेथे पुटीच्या वाढीला अडथळा कमी होतो आणि ती यकृतातील पुटीपेक्षा झपाट्याने वाढते. मुलाच्या छातीचा अर्धा भाग व्यापणारी पुटीसुद्धा केवळ किरकोळ खोकल्याच्या तक्रारीवरून, किंवा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात अचानक सापडते.

पुटीची रचना समजली की प्रतिमांतील खुणा आपोआप उलगडतात. तिला तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा थर परजीवीचा नसून रुग्णाच्याच ऊतकाने तयार केलेली वेष्टनासारखी भिंत असते. तिच्या आत परजीवीचा पांढरा, पदरांपदरांचा पडदा आणि त्याच्याही आत, ज्यातून नवे कृमी उत्पन्न होतात असे अतिशय पातळ अस्तर असते. या पिशवीत स्फटिकासारखे स्वच्छ पाणी असते.

पुटी अखंड असताना क्ष-किरण चित्रात गोल किंवा लंबगोल, एकसारखी पांढरी आणि रेखीव कडेची छाया दिसते. ती पुष्कळदा एकच व खालच्या खंडात असते. श्वासोच्छ्वासाबरोबर पुटीचा आकार किंचित बदलतो, कारण ती भरीव नसून पाण्याने भरलेली असते. यकृतातील जुन्या पुट्यांच्या भिंतीत चुना साचलेला दिसतो, तसा तो फुप्फुसातील पुटीत सहसा दिसत नाही. सीटीमध्ये आतील द्रवाची घनता पाण्याच्या जवळपास भरते आणि शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याने आतला भाग उजळत नाही.

पुटी वाढत जाऊन आसपासच्या श्वासनलिका झिजवते आणि त्यांतील हवा बाहेरच्या भिंतीत व परजीवीच्या पडद्यात शिरते. तेव्हा छायेच्या वरच्या कडेला चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसू लागते. हे चंद्रकोरीचे चिन्ह पुटी लवकरच फुटण्याची पूर्वसूचना मानले जाते. पुढे आतील पडदाही फाटतो, हवा पुटीच्या आत जाते आणि काही द्रव श्वासनलिकेतून बाहेर पडतो. या अवस्थेत हवेच्या दोन कमानी व त्यांखाली द्रवाची आडवी पातळी दिसते. अखेरीस मोकळा झालेला पडदा कोसळून उरलेल्या पाण्यावर तरंगू लागतो आणि द्रवाची सपाट रेषा नागमोडी, उंचसखल होते. दक्षिण अमेरिकेतील नद्यांवर ‘कमालोते’ नावाची वनस्पती पुंजक्यांनी वाहत येते. तिच्यावरून तेथील डॉक्टरांनी या दृश्याला ‘कमालोते चिन्ह’ म्हटले. पुढे अन्यत्र ते पाणकमळाच्या नावाने रूढ झाले. मराठीत ‘जलकमल चिन्ह’ हा शब्द शोभून दिसतो. तथापि मूळ निरीक्षकांच्या डोळ्यांपुढे कमळ नव्हते, प्रवाहात डोलणारा पाणवनस्पतीचा पुंजका होता, आणि प्रत्यक्ष चित्राशी तीच उपमा अधिक जुळते. सगळा द्रव निघून गेल्यावर पडदा पोकळीच्या तळाशी गोळा होऊन बसतो आणि तेव्हा पोकळीतील गाठीचा आभास होतो.

पुटी फुटण्याच्या वेळी मुलाला खोकल्याची मोठी उबळ येऊन खारट चवीचे पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पांढुरके तुकडे बाहेर पडतात. आईवडिलांनी हे वर्णन केले, तर ते चित्राइतकेच निर्णायक ठरते, परंतु ते आवर्जून विचारावे लागते. याच वेळी अंगावर गांधी उठणे, धाप लागणे किंवा रक्तदाब एकाएकी कोसळणे अशी तीव्र ॲलर्जीची लक्षणेही उद्भवू शकतात. पुटी फुप्फुसावरणात फुटली, तर छातीत हवा व पाणी दोन्ही साचतात. फुटलेल्या पुटीत जंतुसंसर्ग झाला, तर तिची कड जाड व अस्पष्ट होते आणि मग ती फुप्फुसातील गळवापासून वेगळी ओळखणे कठीण जाते.

फुप्फुसात पुटीचा संशय असताना निदानासाठी सुई घालू नये, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. यकृतातील निवडक पुट्यांवर सोनोग्राफीच्या देखरेखीखाली सुईने द्रव काढून उपचार केले जातात. तोच न्याय फुप्फुसाला लावता येत नाही. सुईच्या छिद्रातून द्रव सांडल्यास तीव्र ॲलर्जी होण्याचा आणि नव्या पुट्या रुजण्याचा धोका असतो. तसेच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सोनोग्राफीतील रूपावरून पुटीच्या अवस्थांचे जे वर्गीकरण केले आहे, तेही मुख्यतः यकृतातील पुट्यांसाठी आहे.

रक्ततपासणीवर फार विसंबता येत नाही. फुप्फुसातील अखंड पुटी परजीवीचे घटक बाहेर झिरपू देत नाही, त्यामुळे प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक येऊ शकते आणि रक्तातील इओसिनोफिल पेशीही वाढलेल्या नसतात. चाचणी नकारात्मक आली म्हणून पुटी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. येथे प्रतिमेचा साक्षीपुरावाच वरचढ ठरतो. फुप्फुसात पुटी सापडलेल्या प्रत्येक मुलाच्या पोटाची सोनोग्राफी केली जाते, कारण काही मुलांमध्ये यकृतातही पुटी असते.

गोल रेखीव छाया दिसली म्हणजे ती हायडॅटिडच, असेही नव्हे. सुमारे आठ वर्षांखालील मुलांमध्ये साधा न्यूमोनियाही गोल गाठीसारखा दिसतो. त्यात ताप तीव्र असतो आणि प्रतिजैविकांनी काही आठवड्यांत छाया विरून जाते. श्वासनलिकेची जन्मजात पुटी, गळू आणि क्वचित अर्बुद यांचाही विचार करावा लागतो.

फुप्फुसातील पर्णकृमी

पॅरागोनिमस वंशातील पर्णकृमीमुळे होणाऱ्या रोगाला पॅरागोनिमियासिस म्हणतात. कॉफीच्या बीसारखा दिसणारा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा हा कृमी १८७० च्या दशकात युरोपातील प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या बंगाली वाघाच्या फुप्फुसात आढळला. ॲमस्टरडॅम येथील प्राणिसंग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांचे नाव त्याच्या एका जातीला देण्यात आले. माणसाच्या फुप्फुसात तो प्रथम १८७९ मध्ये तैवानमध्ये सापडला. त्याची अंडी पाण्यात उबतात, त्यानंतरच्या अवस्था गोगलगायीत व पुढे गोड्या पाण्यातील खेकड्यांत वाढतात. कच्चा किंवा अर्धवट भाजलेला खेकडा खाल्ल्याने तो माणसाच्या पोटात जातो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतही पावसाळ्यात ओढ्यातले खेकडे आवडीने खाल्ले जातात, पण त्यांचे कालवण चांगले उकळत असल्याने परजीवी त्यात टिकत नाही.

भारतात हा रोग मुख्यतः ईशान्येकडील राज्यांत आहे. मणिपूरमधील रुग्णांची नोंद १९८० च्या दशकाच्या प्रारंभी झाली. त्यानंतर नागालँड व अरुणाचल प्रदेश येथेही तो आढळला. या भागातील प्रमुख जाती पॅरागोनिमस हेटेरोट्रेमस ही आहे. अरुणाचल प्रदेशातील पाहणीत मुलांमधील प्रादुर्भाव प्रौढांपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले. शेतावर किंवा ओढ्याकाठी गेलेली मुले खेकडे पकडून तेथेच शेकोटीवर अर्धेकच्चे भाजून खातात, हे त्यामागील एक कारण होय. कोरियात तर गोवर झालेल्या मुलांना कच्च्या क्रेफिशचा रस औषध म्हणून पाजण्याची प्रथा होती आणि त्यातून पुष्कळ मुलांना या रोगाची लागण झाली.

पोटात गेलेला डिंभ आतड्याची भिंत भेदतो, उदरपोकळीतून वर सरकत मध्यपटल पार करतो आणि फुप्फुसावरणातून फुप्फुसात शिरतो. प्रतिमांमधील बदल याच वाटेने उमटत जातात. प्रारंभी फुप्फुसावरणात पाणी किंवा क्वचित हवा साचते. नंतर फुप्फुसाच्या कडेजवळ अस्पष्ट धूसर डाग दिसतात. काही आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या चित्रांत ते एका जागी पुसले जाऊन दुसऱ्या जागी उमटलेले आढळतात. सीटीमध्ये फुप्फुसावरणापासून आत जाणारी काही सेंटिमीटर लांबीची रेघ दिसते. ही कृमीच्या प्रवासाची वाट असते आणि अन्य रोगांत अशी खूण क्वचितच सापडते.

कृमी एका ठिकाणी स्थिरावला की त्याच्याभोवती लहान पोकळी तयार होते. साधारणतः दीड सेंटिमीटरपर्यंत रुंदीची, पातळ कडेची ही कंकणाकृती छाया या रोगाचे वैशिष्ट्यपूर्ण चिन्ह आहे. कंकणाची एक बाजू पुष्कळदा कोरीसारखी जाड दिसते आणि हा जाड भाग म्हणजे भिंतीला चिकटलेला कृमीच असतो. दक्षिण कोरियातील क्ष-किरणतज्ज्ञांनी १९९२ मध्ये ७१ रुग्णांच्या प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगाच्या अवस्थेनुसार प्रतिमा कशी पालटते हे त्यातून स्पष्ट झाले. एखादा कृमी वाट चुकून मेंदूत गेला, तर झटके येतात आणि जुन्या रुग्णांच्या डोक्याच्या चित्रात साबणाच्या फुग्यांसारखे चुन्याचे पुंजके दिसतात.

मणिपूर असो वा कोरिया, या रोगाच्या रुग्णांना वर्षानुवर्षे क्षयरोगी समजून औषधे दिली गेली. खोकला, बेडक्यातून रक्त, छातीत पाणी आणि चित्रात पोकळी ही सगळी लक्षणे क्षयाशी जुळतात. तरीही काही भेद सापडतात. पर्णकृमीच्या रुग्णाचा बेडका गंजासारखा तांबूस-तपकिरी असतो, भूक व वजन बहुधा टिकून असते आणि रक्तात इओसिनोफिल वाढलेले असतात. कृमीच्या पोकळ्या फुप्फुसाच्या मधल्या-खालच्या भागात व कडेजवळ असतात. मुलांच्या क्षयरोगात फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसीकाग्रंथींची सूज हे प्रमुख चिन्ह असते. या रोगात ते ठळक नसते. क्षयजंतू पाहण्यासाठी बेडक्याला जो रंग देतात त्या प्रक्रियेत पर्णकृमीची अंडी नष्ट होऊ शकतात, ही प्रयोगशाळेतील बाबही नमूद करण्याजोगी आहे. क्षयासाठी तपासलेला बेडका ‘नकारात्मक’ ठरतो आणि त्यातच असलेले खरे कारण दृष्टीआड होते. त्यासाठी बेडका रंग न देता ताजाच पाहावा लागतो. मूल बेडका गिळत असेल, तर तीच अंडी विष्ठेत शोधता येतात. निदान झाल्यावर प्राझिक्वांटेल या औषधाचा दोन-तीन दिवसांचा उपचार बहुतेक रुग्णांना पुरतो.

जंतांचे डिंभ व लोफ्लर लक्षणसमूह

नेहमीच्या जंताची, म्हणजे ॲस्करिसची, अंडी पोटात गेल्यावर त्यांतून निघालेले डिंभ रक्तावाटे फुप्फुसात येतात, वायुकोशांत शिरतात, श्वासनलिकेतून घशाशी चढतात आणि पुन्हा गिळले जाऊन आतड्यात स्थिरावतात. जपानी शास्त्रज्ञ कोइनो यांनी १९२२ मध्ये स्वतः २,००० अंडी गिळून हा प्रवास पडताळून पाहिला. त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्यांच्या बेडक्यात डिंभ सापडले. प्रयोग धाडसाचा होता, आणि आजच्या कोणत्याही नीतिसमितीने त्यास अनुमती दिली नसती.

स्विस वैद्य विल्हेल्म लोफ्लर यांनी १९३२ मध्ये रक्तातील वाढलेले इओसिनोफिल आणि छातीच्या चित्रातील क्षणभंगुर छाया यांचा संबंध मांडला. या छाया कापसाच्या बोळ्यासारख्या, कडा अस्पष्ट असलेल्या, पुष्कळदा दोन्ही फुप्फुसांत आणि जागा बदलणाऱ्या असतात. उपचाराविनाही त्या काही दिवसांत ते काही आठवड्यांत नाहीशा होतात. म्हणून येथे एका चित्रापेक्षा आठ-दहा दिवसांच्या अंतराने काढलेली दोन चित्रे अधिक बोलकी असतात. या काळात विष्ठेची तपासणी केल्यास अंडी सापडत नाहीत, कारण जंत प्रौढ होऊन अंडी घालू लागण्यास दोन-तीन महिने लागतात.

कुत्र्यामांजरांच्या आतड्यातील टॉक्सोकारा या गोलकृमीची अंडी माती खाणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. माणसात हा कृमी प्रौढ होऊ शकत नाही, त्याचे डिंभ यकृतात व फुप्फुसात भटकत राहतात. सीटीमध्ये फुप्फुसाच्या कडेजवळ लहान गुलिका व त्यांच्याभोवती धुक्यासारखे वलय दिसते. यकृताची वाढ आणि दम्यासारखी घरघर असेल, तर या रोगाची शंका बळावते.

उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया

हत्तीरोगाच्या कृमींच्या सूक्ष्म डिंभांविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया अतितीव्र झाल्यास हा विकार होतो. त्याचा इतिहास भारताशी निगडित आहे. आंध्र प्रदेशातील मदनपल्ले येथील क्षयरोग आरोग्यधामात काम करणारे फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांनी १९४० मध्ये क्षयाचा आभास निर्माण करणाऱ्या, इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांचे वर्णन केले. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्यास आजचे नाव दिले. या रोगाचा वेगळेपणा क्षयरुग्णांच्या खाटांमध्येच ओळखला गेला, हे लक्षणीय आहे.

छातीच्या चित्रात दोन्ही बाजूंच्या मधल्या व खालच्या भागात बाजरीच्या दाण्यांएवढे किंवा त्याहून बारीक असंख्य ठिपके विखुरलेले दिसतात. हेच रूप रक्तावाटे पसरलेल्या क्षयाचेही असते. परंतु तशा क्षयाने ग्रासलेले मूल अत्यंत आजारी व खंगलेले असते, तर या विकारात रात्री वाढणारा कोरडा खोकला व घरघर ही प्रमुख तक्रार असते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये इओसिनोफिलांची संख्या ३,००० हून अधिक आढळते, मात्र रक्तात डिंभ दिसत नाहीत. काही रुग्णांचे चित्र पूर्णतः निर्दोष असते. हा रोग तरुण पुरुषांत अधिक व मुलांत त्या मानाने कमी आढळतो. विदर्भातील काही जिल्ह्यांसह हत्तीरोग असलेल्या भागांत मात्र, दम्याचे उपचार लागू न पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्याची आठवण ठेवावी लागते. यावरील डायइथिलकार्बामाझिन हे औषध १९४० च्या दशकात अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी विकसित केले.

अन्य परजीवी

अमीबाजन्य यकृताचे गळू मध्यपटलातून छातीत फुटू शकते. चित्रात उजवे मध्यपटल वर उचललेले व छातीच्या तळाशी पाणी दिसते. सोनोग्राफीत यकृतातील गळू दिसले की उलगडा होतो. स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी एरवी सौम्य असतो. स्टेरॉइड औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेल्या मुलात तो सर्वत्र पसरून दोन्ही फुप्फुसे व्यापणाऱ्या छाया निर्माण करतो. म्हणून इओसिनोफिल वाढलेल्या मुलाला दमा समजून दीर्घकाळ स्टेरॉइड देण्यापूर्वी या कृमीचा विचार करणे आवश्यक असते. तीव्र मलेरियाच्या मुलात धाप दिसते, परंतु ती बहुधा रक्तातील आम्लतेमुळे असते आणि छातीचे चित्र स्वच्छ येते.

शिस्टोसोमाचा प्रादुर्भाव भारतात दुर्मीळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे केंद्र १९५० च्या दशकात नोंदले गेले, हा त्याला मोठा अपवाद होय. आफ्रिकेतील मुलांमध्ये या रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत फुप्फुसात लहान गुलिका दिसतात. न्यूमोसिस्टिस हा जीव जुन्या पुस्तकांत परजीवींमध्ये सापडतो. तो आता कवकांमध्ये गणला जात असल्याने त्याचा समावेश येथे केलेला नाही.

उपचारानंतरच्या प्रतिमा

लोफ्लर लक्षणसमूहातील छाया महिन्याभरात मागमूस न ठेवता जातात. पर्णकृमीच्या रोगात खोकला लवकर थांबतो, परंतु चित्र स्वच्छ होण्यास काही महिने लागतात. कधी बारीक पोकळी किंवा फुप्फुसावरणाची जाडी मागे राहते. या अवशेषांवरून रोग शिल्लक असल्याचे समजून पुन्हा औषधे देण्याची गरज नसते. उष्णकटिबंधीय इओसिनोफिलियात उपचार उशिरा मिळाल्यास फुप्फुसात कायमचे तंतुमय बदल होऊ शकतात.

हायडॅटिड पुटीवर शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय आहे. परजीवीचा पडदा काढून फुप्फुसाचा जास्तीत जास्त भाग वाचवण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असतो. मुलांचे फुप्फुस दबलेल्या अवस्थेतून चांगले फुलते, त्यामुळे मोठ्या पुटीनंतरही पोकळी पुष्कळदा भरून निघते. अल्बेंडाझोल हे औषध रोग पुन्हा उद्भवू नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर देतात. फुप्फुसातील मोठ्या अखंड पुटीत ते आधी दिल्यास पडदा दुबळा होऊन पुटी फुटण्याची भीती असते. पुटी पुन्हा वाढू लागल्यास ती दिसण्यास काही वर्षे लागू शकतात. म्हणून अशा मुलांच्या छातीचे साधे चित्र व पोटाची सोनोग्राफी ठरावीक अंतराने अनेक वर्षे करत राहावी लागते, आणि शस्त्रक्रियेपूर्वीची चित्रे पालकांनी जपून ठेवल्यास नव्या चित्राशी तुलना करणे सोपे जाते.